देव्हाऱ्यातला चेंडू

नाही, तसं नाही ताई, येणार नाही असं नाही म्हटलं मी, जमणार नाही म्हटलं — ते वेगळं. बसा ना. स्टूल स्वच्छ आहे, त्याच्यावर आम्ही फक्त बॅडमिंटनच्या रॅकेट ठेवतो. पंखा तुमच्याकडं वळवतो. मालक जेवायला गेलेत, आणि या उन्हात तीन वाजेपर्यंत मांबलम स्टेशनच्या या बाजूला कुत्रंसुद्धा फिरकत नाही, त्यामुळं घाई नाही. तर गोल्फच्या चौदा काठ्या, चौदा ग्रिप. चौदाच्या चौदा बदलायच्या? पटरची, त्या शेवटी चेंडू ढकलायच्या काठीचीसुद्धा? बरं. बॅग मी लगेच ओळखली, तुम्ही रिक्षातून उतरवत होतात तेव्हाच — दिनानाथ सरांची बॅग, चेनला बांधलेली ती सुतळी माझीच आहे. तुम्हाला नाही ओळखलं. तुम्हाला मी फोटोतच बघितलेलं, सरांच्या फोनवर. ते दाखवायचे — ही माझी ऋजुता, अंबत्तूरला कंप्युटरमध्ये असते, बापाचा फोन उचलत नाही पण बापाच्या चेंडूंना ओळखीचे लाल ठिपके मात्र पाचवीत असल्यापासून तीच देते. तुम्ही हसलात तर सरांसारख्या दिसता. रागावू नका, मी असं बोलत नाही खरं कुणाशी. मालक तर म्हणतात, अनिकेत, तू दुकानात आहेस की नाही हे बघायला मला दिवा लावावा लागतो.

हे बघा, असं ब्लेडनं उभं कापायचं, जुनं रबर सालीसारखं निघतं. मग चिकटपट्टी, मग स्पिरिट, मग नवीन ग्रिप एका दमात सरकवायची — मध्ये थांबलं की संपलं, तिथंच बसते. आणि उद्या दुपारपर्यंत कुणी हात लावायचा नाही. ओलं असताना कुणी नुसतं धरून बघितलं ना, तरी ती पीळ खाते आणि तो पीळ कायम राहतो, वरून कळत नाही, पण फटका वाकडा जातो. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, मोह आवरा, उद्या या. ही सात नंबरची बघा — इथं खळगा पडलाय, दिसला? सरांचा अंगठा. सात नंबरवर त्यांचा फार जीव. ही कापू? नको म्हणता का? ...बरं, ही राहू दे. तेराच करतो.

मी भेटलो कसा त्यांना? सांगितलं नाही का त्यांनी कधी? माझे वडील सावकारपेठेत गलाईचं काम करायचे, सोनं गाळायचं, ॲसिडचा धूर दिवसभर — आमची अर्धी आटपाडी त्या दोन गल्ल्यांत आहे. मला आठवीतनं काढून भट्टीवर बसवलं, पण मला तो धूर सोसेना, खोकून खोकून रक्त पडायला लागलं. शेजारचे एक अण्णा गोल्फच्या मैदानावर कॅडी होते, साहेबांच्या बॅगा उचलायचे, ते म्हणाले, निदान हवा तरी मिळेल पोराला. तर गेलो. पहिल्याच आठवड्यात कुणाचा तरी चेंडू तळ्यात पडला आणि माझ्या तोंडून निघालं, आयला! पलीकडच्या गवतात उभे असलेले सर वळले, म्हणाले, कुठला रे तू? त्या दिवसापासून सहा वर्षं दुसऱ्या कुणाची बॅग उचलली नाही. सगळं मैदान तमिळ आणि इंग्रजी, आणि आम्ही दोघं मराठीत भांडणार — सहा नंबर मारा सर, नाही रे सातच दे, सर वारा समोरून आहे, अरे वारा तुझ्या डोक्यात आहे. असं.

हो, डोंगरावरच्या ट्रिपला दोनदा गेलो त्यांच्याबरोबर. तुम्ही पहिल्यांदाच चाललात ना? सांगतो. चेंडू खिशात ठेवायचा, अंगाजवळ, गार चेंडू उसळत नाही. हातमोजे तीन जोड्या. हवा विरळ, त्यामुळं फटका लांब जातो — इथं सात नंबर मारता तिथं आठ मारायचा, नंबर वाढला की पल्ला कमी. छत्री न्या पण उघडू नका, उपयोग नाही, पाऊस वरून येतच नाही, तो चालत येतो, धुक्यातनं, बाजूनं. कानटोपी मात्र नेऊ नका! कानटोपीचं ठाऊक आहे ना? अहो, सर आणि त्यांचे तिघं दोस्त, चौघांची पैजच ती. चार दिवसांत ज्याचे फटके सगळ्यांत जास्त, त्यानं परतीच्या प्रवासात डोंगर उतरल्यापासून चेन्नई येईपर्यंत माकडटोपी घालून बसायचं. घाम फुटला तरी काढायची नाही. अकरा वर्षं सरच घालत होते! मागच्या वर्षी निघायच्या पंधरा दिवस आधी मी घरी गेलो बॅग साफ करायला, तर सर बनियनवर, लुंगीवर, आणि डोक्यात टोपी. म्हटलं, सर, हे काय? म्हणाले, सराव. तेवढ्यात व्यंकोजीराव काकांचा फोन — तुम्ही त्यांचं बोलणं ऐकलंच असेल, तंजावरचं, अर्धं मराठी अर्धं तमिळ — ते ओरडतायत, दिना, यंदा टोपीला अस्तर लावून घे, पक्कं! आणि सर मला डोळा मारतायत. चौघं साठी उलटलेले, पण ते पंधरा दिवस त्यांच्याकडं बघवत नव्हतं. नारायणस्वामी सार रोज हवामान बघून सगळ्यांना कळवणार, रविकांत साहेब डब्याची यादी तीनदा बदलणार. शाळेची सहल असते ना — मी सहलीला गेलो नाही कधी, पण तसंच असणार. आणि त्या आनंदात मला धरायचे. अनिकेत, तुझा स्वेटर घेतलास का? सरांनी दिला होता स्वेटर. निळा. आहे अजून.

त्या तिघांचे फोन आले मला, हो. चार वेळा. मी उचलला नाही. तुम्हाला म्हणून सांगतो, रिंग वाजते ना, मी शटरच्या बाहेर जाऊन उभा राहतो ती बंद होईपर्यंत. त्यांचा राग नाही हो, ते देवमाणसं आहेत तिघंही, त्यांनी मला एका शब्दानं कधी — उलट व्यंकोजीरावांनी मला जवळ घेतलं होतं त्या दिवशी, रस्त्यात, सगळ्यांसमोर. म्हणाले, नशीब होतं बाळा, चेंडू गेला तिथं माणूस गेला. सगळे तेच म्हणाले. पोलीससुद्धा. चेंडूच तिथं गेला, त्याला कोण काय करणार.

ती जागा ना? दाखवायला मी कशाला लागतो? सोळावं होल कुणीही दाखवेल. तुम्ही खालून मारता, मध्ये उंचवटा, पलीकडचं काही दिसत नाही, आणि दुपारनंतर धुकं आलं की चार पावलांवरचंसुद्धा नाही. म्हणून तिथं कॅडी पुढं जाऊन उभा राहतो आणि हाक देत राहतो. त्या आवाजावर मारायचं, त्या आवाजावर चालत यायचं. पलीकडं हिरवळ, मध्ये खड्ड्यात रोवलेला झेंडा, आणि झेंड्याच्या डावीकडं वीसेक पावलं गवत, मग दगडी बांध. दोन माणूस उंच. खाली रस्ता. तिथं — काय म्हणालात? कोण मारणार? तुम्ही? तिथून? ...थांबा, ही पट्टी वाकडी लागली. थांबा जरा.

नको ताई. हे कुणाच्या डोक्यातनं निघालं? तिघांच्या? बांधाजवळ चेंडू ठेवायचा आणि बाबांचा राहिलेला फटका लेकीनं मारायचा — ऐकायला बरं वाटतं, मला कळतं, तुम्ही वर्षभर क्लास लावून शिकलात तेसुद्धा त्याच्यासाठी, कळतं मला. पण तिथं उभं राहायला जागा नाही. गवत ओलं असतं. पाठीमागं दीड हात सोडला की — नाही, दोरी बांधून वगैरे काही नाही. हिरवळीवर मारा, कुठंही मारा, तिथून नको. आणि मी येऊन जागा दाखवायची? अगदी बरोब्बर ती? माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, खरं आहे, मी एकटाच होतो त्यांच्याजवळ. खरं आहे ते.

हे काय काढलंत? रुमालात — हा सरांचा रुमाल ना? ओ. हा चेंडू. पोलिसांनी परत दिला का? मला वाटलं ते ठेवून घेतात. देव्हाऱ्यात? वर्षभर? आईसाहेब रोज हळदकुंकू वाहतात? ...याला? ...नाही, हात ओले आहेत माझे, स्पिरिटचे. तिथंच ठेवा. हो, बघतो ना, दिसतोय मला इथून, ठिपका पुसट झालाय. पार गुलाबी झालाय. आई म्हणतात, बाबा हळूहळू जातायत? असं म्हणतात? अहो नाही, त्याचं काय आहे, तेलाचं बोट लागलं असणार, उदबत्तीचा धूर, त्यानं मार्कर उडतोच. नेलपेंट असं पुसट होत नाही, नेलपेंटचा टवका उडतो, उडला तर पूर्ण उडतो नाहीतर दहा वर्षं तसाच —

काही नाही. पट्टी सापडेना म्हणून थांबलो.

हो. तुम्ही नेलपेंटनंच द्यायचात. ठाऊक आहे मला. शंभर वेळा बघितलेत तुमचे ठिपके — जरा वर आलेले असतात, अंगठा फिरवला की कळतात, आणि कडेला एक शेपटी असते, ब्रश उचलताना येते ती. मार्कर मी म्हटलं का? म्हटलं असेल. ताई, असं बघू नका माझ्याकडं. सांगतो. सांगणार नव्हतो, वर्षभर नाही सांगितलं, घरी नाही, देवाला नाही, पण तुम्ही त्या चेंडूसाठी त्या बांधावर उभ्या राहणार असाल तर — मला सांगायलाच पाहिजे.

कॅडी लोकांची एक रीत आहे. रीत कसली, खोड. साहेबाचा चेंडू हरवला की शोधायला तीनच मिनिटं मिळतात, नाही सापडला तर मागं जाऊन परत मारायचा, वर एक फटका दंड. मग साहेबाचा दिवस खराब, म्हणजे आपलाही. तर पँटचा खिसा आतून फाडून ठेवायचा. तसाच दुसरा चेंडू खिशात. गवतात उभं राहून सोडून द्यायचा, तो पायावरून घरंगळत खाली येतो, आणि आपण ओरडायचं, मिळाला! आम्ही त्याला मुट्टै म्हणायचो — अंडं. सगळे घालतात. मी सहा वर्षांत कधी घातलं नाही, देवाशपथ, कारण सरांना चाललं नसतं. एकदा इथल्या मैदानावर त्यांनी नुसती काठी टेकवली आणि चेंडू तिळाएवढा हलला, कुणी बघितलं नाही, मीसुद्धा नाही, तर हेच ओरडून सांगतायत, माझा एक फटका वाढवा! व्यंकोजीराव म्हणाले, दिना, तुझ्यासारख्यानं पत्ते खेळावेत, तेही एकट्यानं. असा माणूस. आणि त्या माणसाला मी — पण त्या वर्षी ते जिंकत होते ना ताई! अकरा वर्षांत पहिल्यांदा. शेवटच्या दिवशी सोळाव्यावर आलो तेव्हा सगळ्यांपेक्षा एक फटका कमी होता त्यांचा. आदल्या रात्री झोपले नव्हते, मला म्हणाले, अनिकेत, टोपी कुणाला घालायची रे, नारायणस्वामीला की रविकांतला? मला वाटलं, आता काही बिघडायला नको. म्हणून सकाळी हॉटेलच्या खोलीत बसून मी एका चेंडूला लाल मार्करनं ठिपका दिला. असू दे म्हटलं. लागणार नाही, पण असू दे.

धुकं होतं. मी पुढं उभा, हाक देतोय. त्यांचा फटका ऐकला — चांगला लागला होता, आवाजावरून कळतं — आणि मग डावीकडं टक् झालं, दगडावर लागल्यासारखं. धुक्यात आवाज फसवतो, हे मला ठाऊक होतं, तरी मी डावीकडं धावलो. बांधापर्यंत. नाही सापडला. मागनं व्यंकोजीराव घड्याळ बघून ओरडतायत, एक झालं! दोन झाली, दिना, टोपी काढ बाहेर! आणि हसतायत. आणि सरांचा आवाज, अनिकेत, दिसला का रे? इतका — काय सांगू, लहान मुलासारखा आवाज. मी खिशातनं हात काढला.

दुसरीकडं टाकायला पाहिजे होता. अलीकडं, गवताच्या मध्ये. पण टक् सगळ्यांनी ऐकलं होतं, डावीकडं, तर खरं वाटायला पाहिजे म्हणून तिथंच टाकला, बांधाच्या कडेला. खरं वाटायला! आणि ओरडलो. मिळाला सर! इकडं, माझ्या आवाजावर या! ते आले. आवाजावर सरळ आले.

पोलिसांना मी सांगितलं, मारताना पाय घसरला. तेच सगळ्यांना ठाऊक आहे. मारताना नाही घसरला ताई. ते चेंडूपाशी आले, काठी धरली, वाकले. मग तसेच राहिले वाकलेले. अंगठा फिरवला त्यांनी ठिपक्यावर. सरळ झाले, काठी बगलेत घातली — बगलेत, कळलं ना? ज्याला मारायचं असतं तो काठी बगलेत घालत नाही — आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाले, हा — एवढंच. हा — आणि बाकीच्यांना हाक मारायला मागं वळले, चेंडूपासून लांब सरकायला एक पाऊल मागं घेतलं. मी बघत होतो. बांध कुठं संपतो हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. मी ओरडायला पाहिजे होतं. आवाजच आला नाही. दोन मिनिटांपूर्वी इतक्या मोठ्यानं बोलावलं, आणि तेव्हा नाही आला. तेव्हापासून नाहीच येत. बघताय ना, दुकानात गिऱ्हाईकाला हाक मारायची तर मी काउंटरवर टिचकी वाजवतो.

वर्षभर मी ते वाक्य पुरं करतोय. हा माझा नाही. हा कुठून आणलास. हा नको. रात्री नाही, लोकांना वाटतं असलं रात्री होतं, मला दुपारीच होतं, असा ब्लेड फिरवताना, कुणीतरी मागून म्हणतं, हा — आणि मी वळतो. म्हणून म्हणतो, राहिलेला फटका वगैरे काही नाही ताई. तो चेंडू ते मारणारच नव्हते. तुम्ही तिथं उभ्या राहून जो मारणार, तो माझा खोटेपणा मारणार.

थांबा, अजून उठू नका. एवढं बघून जा. खालच्या खणात आहे. ...हा. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा चष्मा शोधायला मला वर पाठवलं होतं. लख्ख ऊन, धुक्याचा मागमूस नाही, सोळाव्याचा झेंडा लांबून दिसत होता. आणि झेंड्याच्या बुडाशी पांढरं काहीतरी. खड्ड्यापासून दोन वीत. दोनच, मी हातानं मोजलं, हे असं. चष्मा नाही मिळाला, हा मिळाला. बांधाकडं गेलाच नव्हता तो. टक् झालं ते झेंड्याच्या काठीवर लागून झालं असणार. मी तीन मिनिटं डावीकडं शोधत होतो आणि हा तिथं बसून होता — लहान मुलानंसुद्धा आत ढकलला असता. ते जिंकल्यातच जमा होते. सांगितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं दुसरा कुठून आला. मी खिशात घातला. त्याच फाटक्या खिशात, आणि तो पायावरून घरंगळून खाली आला.

घ्या. अंगठा फिरवा. आहे ना शेपटी? तुमचीच. रडू — रडा, पंखा बंद करू का? ...हो. हो, काकांना सांगा. तुम्ही सांगा नाहीतर मला न्या, तुम्ही म्हणाल तिथं जाऊन मी सांगतो, पोलिसांकडं म्हणालात तर तिथंही, पण डोंगरावर नाही. आईंना काय सांगायचं ते मला नाही सुचत. झेंड्यापासून दोन वीत, अलीकडच्या बाजूला — एवढं लक्षात ठेवलं की जागा दाखवायला कुणी लागत नाही. तिथं ठेवा. तिथनं मारा. पटरची ग्रिप उद्या दुपारपर्यंत सुकते.

हा मार्करचा इथंच ठेवून चाललात? रुमाल तरी — रुमाल सरांचा आहे, रुमाल न्या. ...बरं.

काय? अजूनही मी यायचं? नाही ताई. धुकं आलं की पुढं उभं राहून कुणीतरी हाक द्यावी लागते, आणि ती मोठ्यानं द्यावी लागते. त्या मैदानावरचा एखादा घ्या बरोबर. चांगली असतात पोरं. फक्त त्याला आधी खिसे उलटे करायला सांगा.

जा आता. गिऱ्हाईक उभं आहे बाहेर. — नाही, कुणी नाही. तरी जा.